तू बसवलेला कळफलक

ललिता,

तुझं नाव लिहिताना मला मध्ये थांबावं लागतं. पहिला ल दाबायचा, बोट उचलायचं, जरा वेळ जाऊ द्यायचा आणि मगच दुसरा. घाई केली तर पडद्यावर नुसतं 'लिता' उमटतं. ही सोय तूच करून ठेवली होतीस. माझा उजवा हात थरथरतो, एकदा दाबायची कळ दोनदा-तीनदा दाबली जाते. म्हणून लागोपाठ आलेलं तेच अक्षर कॉम्प्युटरनं धरायचं नाही, अशी सोय. ती सुरू केल्यावर पहिला बळी तुझ्याच नावाचा गेला आणि तू टेबलावर हात मारून हसलीस. "पाय वं वहिनी, यानं मलेच खाल्लं! जाऊ दे. माझं नाव तू रोज कशाले लिहिशील?"

आता रोज लिहिते आहे, आणि रोज भीत भीत लिहिते आहे. तू गेल्याचं दुःख वेगळं आहे. ते सावकाश येतं, जेवायला दोन ताटं काढली की येतं. ही भीती मात्र त्याच्या आधीच येऊन बसली. तू माझ्या हाताकडे पाहून एकेक अक्षर त्याच्या जागी बसवलंस. पण तो हात तिथं थांबलेला नाही. तो पुढं चालला आहे आणि त्याच्यामागून अक्षरं हलवणारी तू नाहीस. एखाद्या सकाळी मी लिहायला बसेन आणि लिहिता येणार नाही. मग मी लिहीत असलेलं गिरणीतल्या बायकांच्या आठवणींचं पुस्तक आहे तिथंच राहील. त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत. त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्याशिवाय कोणाकडे नाही.

तुला मी हाताबद्दल काही सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी तू मिहानमधल्या ऑफिसातून आलीस, हेल्मेट फ्रिजवर ठेवलंस, चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागं उभी राहिलीस.

"काहून वं, नुसती खोडूनच राहिली तू तं. लिहितं कधी?"

"लिहिते आहे. आज हात जरा..."

"हाताचं नको सांगू. तू लिही. मी नुसती पाहून राहिली."

तुझं कामच ते होतं. दुसऱ्यांनी बनवलेले प्रोग्राम वापरताना माणूस कुठं अडखळतो ते शोधायचं. माणसाला विचारायचं नाही, असं तू म्हणायचीस. विचारलं की तो भीड बाळगतो, सगळं चांगलं आहे म्हणतो आणि त्याच वेळी त्याचं बोट चुकीच्या जागी जातं. म्हणून माणसाच्या तोंडाकडे पाहायचं नाही, बोटाकडे पाहायचं. त्या संध्याकाळी तू माझ्या बोटांकडे पाहत इतका वेळ उभी राहिलीस की चहावर साय आली.

मग जेवणाच्या टेबलावर तुझा ऑफिसचा लॅपटॉप आला. त्यात कळफलकाचं चित्र होतं, एकेका चौकोनावर टिचकी मारून त्यात हवं ते अक्षर ठेवता येत होतं. नेहमीच्या मराठी मांडणीत र, क आणि त शेजारी-शेजारी बसतात, तेही उजव्या हाताखाली. मराठीत सगळीकडे लागणारी ही अक्षरं, आणि माझं बोट एकाकडे निघालं की दुसऱ्यावर पडायचं. तू र उचलून डाव्या हाताला दिलास. क होता तिथं ठेवलास. त वरच्या ओळीत एकटा नेऊन बसवलास आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कळा रिकाम्या ठेवल्यास. तिथं दाबलं तर काहीच उमटणार नाही.

"नवीन लेआउट आहे तुझा," म्हणालीस. "मोकळी जागा सोडा लागते ना बाजूनं."

हे खालच्या वानखेडेकाकूंपर्यंत कसं पोचलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी तुला अडवलं. "लेआउट टाकून राहिले म्हणे तुम्ही? कोणत्या साईडले? बेसा का हिंगणा? जमिनीचा एनए झाला का?"

"नाई काकू, घरातच आहे, जेवाच्या टेबलावर," तू सरळ चेहऱ्यानं म्हणालीस. "लहान लहान प्लॉट आहेत. बोटभर."

काकू त्यानंतर बरेच दिवस माझ्याकडे संशयानं पाहत होत्या. त्यांना वाटलं, आपण प्लॉटचा भाव फुटू नये म्हणून लपवतो आहोत.

आणि तो पासवर्डचा रविवार. तुला एवढं सगळं येत होतं, पण ही चूक आपणच करू शकत होतो. तू इंग्रजी अक्षरांच्याही जागा बदलल्यास आणि नवी मांडणी सगळ्या मशीनला लावून ते बंद केलंस. सुरू केल्यावर त्यानं पासवर्ड मागितला. मी नेहमीसारखा टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. तू म्हणालीस, "सांग, मी टाकतो." मला सांगता येईना. पासवर्ड माझ्या डोक्यात नव्हताच, तो बोटांत होता, आणि बोटं जुन्या घराच्या पत्त्यावर जात होती.

"इतिहासाची प्रोफेसर, अन् सोताचा पासवर्ड नाई आठवत!"

"तूच हलवलंस सगळं."

"मीच हलवलं. आता डोये मिट अन् या टेबलावर टाइप कर."

मी डोळे मिटून जेवणाच्या टेबलावर, आमटीचा डाग चुकवत, हवेतला पासवर्ड टाइप केला. तू वाकून पाहत होतीस आणि एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत होतीस. तो शब्द म्हणजे तुझ्या भावाचं घरातलं नाव. तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी ते बदललं नव्हतं. मशीन उघडून दिलंस, पुन्हा पासवर्ड मागणार नाही असं केलंस आणि पोहे करायला निघून गेलीस.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं आणि ते संपलं नाही. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी औषध दिलं, हातासाठी व्यायाम दिले आणि हे वाढत जाईल पण सावकाश वाढेल, असं सांगितलं. त्या आठवड्यात तू 'न' हे अक्षर हलवलंस. पुढं काही महिन्यांनी प. मग य. दर वेळी मी वैतागायचे. माझं म्हणणं, मांडणी एकदा पक्की करावी आणि हाताला तिच्याप्रमाणं वागायला लावावं. सवय लागली की हात ऐकेल.

"हात का तुझा विद्यार्थी आहे?" तू म्हणायचीस. "उभं केलं, कान पिळला, का ऐकते?"

"शिस्त लागते, ललिता. तू लाड करतेस त्याचे."

"तं कोन करनार लाड?"

एकदा मी फारच चिडले. म्हटलं, रोज उठून घरातल्या वस्तू हलवल्या तर आंधळ्या माणसानं करायचं काय? तू शांतपणे म्हणालीस, "वस्तू मी नाई हलवत वं वहिनी." मला तेव्हाच कळायला हवं होतं असं नाही. मला कळलं होतं. मी पुढचं विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. डॉक्टर दर खेपेला तपासून कागदावर काही लिहायचे, पण हात किती पुढं गेला हे मला तुझ्याकडूनच समजायचं. तू एक अक्षर हलवलंस की मी समजायचे.

हॉस्पिटलमध्ये मी तुझ्याजवळ बसले होते तेव्हा तुला ताप होता, पण शुद्ध होती. सगळ्यांना वाटत होतं की दोन-चार दिवसांत घरी जाशील. तू विचारलंस, "तो मेसेज येऊन राहिला का अजून?" कॉम्प्युटर रोज अपडेट करा, रीस्टार्ट करा म्हणून विचारायचा आणि तू रोज 'नंतर' वर टिचकी मारायला लावायचीस. मी हो म्हटलं. "दाबू नको. मी घरी आली का पाहीन. एक कळ पण पाहाची आहे."

"कोणती?"

"घरी आली का."

तू घरी आली नाहीस, आणि कोणती ते मला नक्की माहीत नाही.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुझ्या ऑफिसमधले लोक आले. एक जण फार भला होता. माझ्या लिहिण्याचं आता काय, असं म्हटल्यावर तो म्हणाला, मॅडम, आता फोनमध्ये बोललं की टाइप होतं. त्याला काय सांगू? ते आपण करून पाहिलं होतं. गिरणीतली बाई म्हणते 'मले', फोन लिहितो 'मला'. त्यांचं बोलणं त्यानं धुऊन, नीट घडी घालून परत दिलं. आणि मला बोलून लिहिता येतही नाही. वाक्य माझ्या तोंडात तयार होत नाही, बोटांपाशी होतं. म्हणूनच एवढी भीती.

तू गेल्यापासून मी माझा लॅपटॉप बंदच केला नाही. तार लावलेली, झाकण अर्धवट मिटलेलं. बंद केला तर तो सुरू होताना ते अपडेट करून घेईल आणि तुझं सगळं पुसलं जाईल असं मनात बसलं होतं. स्वयंपाक करतानाही मी त्याच्या पंख्याचा आवाज ऐकत असायचे. बाहेर गेले तर भाजी घेऊन लगेच परत. उन्हाळा वाढला, कूलर लावला आणि त्याच्या घरघरीत लॅपटॉपचा आवाज ऐकू येईना, तर मी कूलर बंद करून घामात बसायचे. हे वेडेपण आहे हे मला कळत होतं. पण त्या मशीनच्या आत तुझं शेवटचं काम होतं, आणि मी त्याच्याजवळ आजारी माणसाच्या खाटेशी बसतात तशी बसत होते.

एका दुपारी लाइट गेले. बॅटरी जुनी होती. मी पडद्याकडे पाहत राहिले आणि तो विझला. संध्याकाळी लाइट आले तेव्हा बराच वेळ पांढऱ्या अक्षरांत काहीतरी चाललं होतं, मग तो उघडला. मी तुझं नाव टाइप केलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांग आली, एकच अक्षर पुन्हा पुन्हा, मध्येच दुसरं. थरथर थांबवणारी सोय गेली होती. मांडणी गेली होती. हॉस्पिटलमध्ये तू मला सोडून गेलीस त्या दिवशी मी रडू शकले होते. या दिवशी तेही आलं नाही.

मी शबानाला फोन केला. तुझी ऑफिसातली शबाना, जिच्या डब्यातल्या खिम्याचं तू घरी येऊन कौतुक करायचीस. ती सुट्टीच्या दिवशी आली. थरथरीची सोय तिनं लगेच परत लावून दिली. मांडणी मात्र नव्या व्हर्जननं ओळखलीच नाही, म्हणाली.

"मूळ फाइल असेल ना कुठं?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भाभी, फाइल तं ललिताच्या लॅपटॉपमध्ये होती. तो कंपनीले वापस गेला. वापस आला का पूरा साफ करतात. रूटीन आहे ते."

मग तिनं तुझ्याकडे होता तसाच कळफलकाच्या चित्राचा प्रोग्राम माझ्या मशीनमध्ये घातला आणि खुर्ची ओढून बसली. "बोला भाभी. कोणतं अक्षर कुठं होतं? मी बसवतो. तासाभराचं काम आहे."

मी तोंड उघडलं आणि मला एकही जागा सांगता येईना. क? म? काही नाही. त्या कळांवर तू कधी मराठी अक्षरं चिकटवली नव्हतीस. डोळ्यांनी शोधलं की हात शिकत नाही, असं तुझं म्हणणं. शबाना वाट पाहत होती. मी म्हटलं, आज नको. ती चहा घेऊन गेली. जाताना दारात माझा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "उसके जैसा तो मुझसे नहीं होगा, भाभी."

नंतर मी त्या रिकाम्या चित्रासमोर बसले. मग ते बाजूला केलं, कोरं पान उघडलं आणि आपण रोज म्हणायचो ती बुद्धवंदना म्हणू लागले, आणि म्हणता म्हणता टाइप करू लागले. पडद्याकडे पाहिलं नाही. पाहिलं की बोटं अडायची, म्हणून भिंतीकडे पाहत राहिले. संपल्यावर मान वळवली. सगळं पान इंग्रजी अक्षरांनी भरलेलं, वाचायला जावं तर नुसता कचरा. मी ते पुसणारच होते.

मग पुन्हा पाहिलं. वंदनेत जिथं जिथं म आहे तिथं एकच इंग्रजी अक्षर होतं. जिथं न, तिथं दुसरं. बोटं बरोबर तुझ्याच जागांवर गेली होती आणि मशीन नुसतं सांगत होतं की ती कुठं गेली. ललिता, तो कचरा नव्हता. ती तुझी मांडणी होती, जशीच्या तशी, ओळींमागून ओळी.

मी कागद घेऊन जुळवत बसले. पण वंदनेत सगळी अक्षरं नाहीत. ळ नाही, झ नाही. उरलेली यावीत म्हणून काहीतरी मनातलं लिहायला हवं होतं. तेव्हा मी तुझ्याशी भांडले. भिंतीकडे पाहत, टाइप करत. काय काय लिहिलं ते इथं देणार नाही. दाखल व्हायला उशीर का केलास, ते लिहिलं. सगळ्यांच्या त्रासाकडे पाहत बसायचीस, तुझ्याकडे कोणी पाहायचं, ते लिहिलं. जगात कोणालाही वाचता येणार नाही असं ते पान होतं, म्हणून लिहिता आलं. आणि मग ते मलाच एकेक अक्षर सोडवून वाचावं लागलं. सगळ्यात वरची ओळ सोडवली. 'काहून गेली तू.' मी आयुष्यात 'का' च्या जागी कधी काहून म्हटलं नाही. माझ्या मराठीला तू इस्त्रीचं मराठी म्हणायचीस.

ते काम कित्येक दिवस पुरलं. एकेक अक्षर सापडलं की मी चित्रातल्या चौकोनात ठेवायचे, आणि इतक्या दिवसांनी तुझ्यासोबत बसल्यासारखं वाटायचं. र डावीकडे का, ते समजलं. य एवढा कोपऱ्यात का, ते समजलं. ज्या जागांवरून मी वैतागले होते त्या सगळ्या माझ्या बोटांच्या वाटेवर होत्या. तू एकही अक्षर उगाच हलवलं नव्हतंस. तुझे उपकार मानायला हवेत असं तेव्हा वाटलं आणि ते कोणापाशी मानायचे हे कळेना, म्हणून उठून तुझं हेल्मेट पुसून ठेवलं.

सगळी अक्षरं बसली. त राहिला.

त च्या जागी दोन वेगळी इंग्रजी अक्षरं येत होती. काही ठिकाणी तुझ्या जागेचं. बहुतेक ठिकाणी तिच्या शेजारचं. तू रिकामी ठेवलेली कळ, तिथं. मी आणखी एक पान टाइप केलं, या वेळी सावकाश, सांभाळून. पुन्हा तेच. बोट तुझ्या त कडे निघत होतं आणि अलीकडेच उतरत होतं.

दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. तुझ्या जागी ठेवला, तर मांडणी पूर्ण तुझी राहील. मी शिस्त लावीन, बोटाला तिथवर न्यायला शिकवीन. हे मला येतं, आयुष्यभर तेच केलं. शेजारी ठेवला, तर तू बसवलेलं मोडेल. पण खरं म्हणजे ती भीती तुझ्यासाठी नव्हती. तो शेजारी ठेवायचा तर हात पुढं गेला हे मान्य करावं लागणार होतं, आणि या खेपेला ते मला गुपचूप समजावून देणारं कोणी नव्हतं. मीच पाहायचं, मीच ठरवायचं, मीच मला सांगायचं. यानंतर 'न' असेल, त्यानंतर आणखी काही. दर वेळी.

आज सकाळी कूलर लावून बसले. त वर टिचकी मारली, तो उचलला आणि बोट जिथं उतरतं तिथं ठेवला. तुझी जागा रिकामी झाली. मांडणी मशीनला लावली. कोरं पान उघडलं. काय लिहायचं ते ठरवलं नव्हतं. या घरात आपण दोघींनी कधी तोंडातून काढलं नाही तेच वाक्य आलं, भिंतीकडे पाहत लिहिलं, मग मान वळवून वाचलं.

माझा हात आणखी बिघडला आहे.

एकही अक्षर चुकलं नव्हतं.